वसुबारसेची गाय

गुरांचे काका टेक्सासच्या भर दुपारी बोडक्या डोक्यानं उभे राहत. आम्ही शुगर लँडची मंडळी एसी गाडीतून एसी घरात शिरेपर्यंत हाश्शहुश्श करणार, आणि हे पासष्टीचे गृहस्थ गाईच्या गळ्याखालची लोंबती पोळी कुरवाळत म्हणणार, "बघ, सावली शोधतेय का? हिचे पूर्वज आपल्याकडचे रे!"

काका मूळचे परभणीचे, गुरांचे डॉक्टर. दीड तासावरच्या रँचवर ते ब्रह्मन जातीची गुरं सांभाळत. वशिंडाची, लांब कानांची, ऊन सोसणारी आणि मांसासाठी वाढवलेली. स्वतः काका अंडंही खात नसत. कुणी टोचलंच तर म्हणत, "पोटासाठी करतो, पण लपवत नाही." मी ऑफिसात बर्गर हाणायचो आणि घरी सॅलड खाल्लं म्हणून सांगायचो.

आमच्या मराठी मंडळाच्या वसुबारसेला खरी सवत्स गाय आणायची टूम माझीच. मी सेक्रेटरी होतो, पुढच्या वर्षी अध्यक्ष व्हायचं होतं. काका हरखले. "आणतो की! फक्त कुठली गाय आहे ते लोकांना आधी सांग हं." मी हो म्हटलं आणि सांगितलं नाही.

काकांनी गाईला न्हाऊ घातलं होतं, खुरांना तेल लावलं होतं. ट्रेलरमधून ती वासरासह उतरली तेव्हा बायका हरखून गेल्या. ओवाळता ओवाळता एका काकूंनी विचारलं, "दूध किती देते हो?"

"दुधाची नाही वहिनी, मांसाची जात आहे. ही राहील. हा गोऱ्हा दीडेक वर्षानं खाटकाकडे जाईल."

ताम्हन खाली आलं. कुणी पोरांना मागे ओढलं. अध्यक्ष माझ्याकडे वळले. "तुला माहीत होतं हे?"

"नाही हो," मी म्हणालो. "काका मला काही बोललेच नाहीत."

काकांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग म्हणाले, "खरंय. माझ्याकडूनच सांगायचं राहिलं." आणि गाय परत ट्रेलरमध्ये चढवली. गवारीची भाजी आणि बाजरीची भाकरी तशीच पानावर राहिली.

मी अध्यक्ष झालो. काकांना फोन करायची लाज वाटली, म्हणून केला नाही. असा निर्लज्जपणाही लाजेतूनच येतो. चार वर्षांनी ते गेल्याचं कळलं, तेव्हा त्यांच्या घरी गेलो. काकूंनी चहा दिला. मग म्हणाल्या, "दर दिवाळीला गाय धुऊन तयार ठेवायचे रे. म्हणायचे, यंदा त्यानं लोकांना सांगितलं असेल."