देण्याघेण्यातली साडी

सृष्टीनं एम.ए.ला समाजशास्त्र घेतलं तेव्हा घरात कुणी पेढे वाटले नाहीत. वडील सैन्यातून सुभेदार होऊन परत आलेले. त्यांनी एवढंच विचारलं, "ह्याची भरती कुठं असते?" चुलत्यांना वाटलं, पोरगी समाजसेवा करणार, म्हणजे आता स्थळं संपली. आई तेवढी म्हणाली, "घेऊ द्या. लोकांच्या घरात काय चाललंय ते बघायची खोड हायच तिला. आता त्याचे मार्क तरी मिळतील."

आईचं म्हणणं खरं ठरलं, पण सुरुवात झाली आईच्याच कपाटापासून.

गाव कृष्णाकाठचं, पलूसच्या बाजूचं, पाहावं तिकडं ऊस. सृष्टी रोज एसटीनं सांगलीला जायची. तिथं अपूर्वा मॅडम शिकवायला. बाईंना वर्गात घोकलेलं ऐकायचा भारी कंटाळा. त्यांनी पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं, "आपल्या घरातली अशी एक गोष्ट शोधा, जी सगळे करतात आणि का करतात ते कुणालाच सांगता येत नाही. तिच्यावर लिहा." मुलं जागतिकीकरण, शहरीकरण असले डोंगर उचलून आली. सृष्टीनं साडी घेतली. देण्याघेण्यातली साडी.

ही साडी कुणाला समजावून सांगायला नको. प्रत्येक घरात कपाटाचा खालचा खण तिचा असतो. ती नेसायची नसते. ती कुठून तरी आलेली असते आणि कुठं तरी जायची असते. तिचा रंग कुणाच्याच अंगावर खुलत नाही. आणि तिला फॉल कधी लावलेला नसतो. फॉल लावला की साडी मुक्कामाला आली, मग ती पुढं सरकवता येत नाही. बिनफॉलची साडी मात्र घडी न मोडता बारशाला, डोहाळजेवणाला, वास्तुशांतीला गावोगाव हिंडते, आणि देणारी म्हणते, "खास तुझ्यासाठी आणली."

सृष्टीनं एका पोपटी साडीच्या आतल्या घडीत लाल दोऱ्याचा एक टाका घातला आणि ती आईच्या हातानं लोणंदच्या आत्याच्या वास्तुशांतीत जाऊ दिली. ऊसतोड संपायच्या आत औंधची मामी पाहुणी आली. पिशवीतून साडी काढून म्हणाली, "वन्सं, बघता क्षणी तुमचीच आठवण झाली." साडी पोपटी. आत लाल टाका. आई म्हणाली, "अगंबाई, काय गोड रंग!" सृष्टी न्हाणीघरात जाऊन तोंडात ओढणी कोंबून हसली. मग फोन करकरून तिनं मधला मुक्काम काढला. लोणंदहून वडूज, वडूजहून औंध, औंधहून स्वगृही.

वर्गात तिनं हे वाचलं तेव्हा हशा पिकला. मॅडमही हसल्या, पण त्यांचं हसू लवकर आटोपलं.

"सगळ्याच साड्या अशा फिरून येतात?"

"नाही मॅडम. काही राहीबाईला देतो आम्ही. त्या येत नाहीत परत."

"राहीबाई कोण?"

राहीबाई म्हणजे सृष्टीच्या जन्माआधीपासून घरात राबणारी बाई. गोठा तिचा, शेतातली भांगलण तिची. सृष्टीचा भाऊ ऋषिराज तिचंच बोट धरून चालायला शिकला. ती राहते खालच्या आळीत. तिची जात गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक, पण सुभेदारांच्या घरात ती कुणी उच्चारत नसे. उच्चारायची नाही हाच मोठा चांगुलपणा, अशी त्या घराची समजूत. अशा समजुतीची घरं आपल्याकडं गल्लोगल्ली आहेत. राहीबाईला साडी मिळाली की त्याच संध्याकाळी ती फॉल लावायला बसायची, आणि धुतल्यावर येऊन निकाल द्यायची, "वयनी, तुमच्या नणंदेची साडी एका धुन्यात इरली. आता तिला चहा देताना साखर कमी घाला."

"मग राहीबाईकडून तुमच्या घरी काय येतं?" मॅडमनी विचारलं.

"काही नाही. तिची परिस्थिती नाही ना मॅडम, आम्ही घेत नाही तिच्याकडून."

"म्हणजे ती देते?"

सृष्टीला चोळीचा एक खण आठवला. ती दहावी पास झाली तेव्हा राहीबाईनं तिला खण आणला होता, हिरवा, काठाचा. आईनं तो हातात घेतला, डोळ्यांना लावला आणि परत राहीबाईच्याच पिशवीत घातला. "तुझं मन पोचलं गं, बास झालं." सगळ्यांना केवढं कौतुक वाटलं आईचं! राहीबाई त्यानंतर दोन दिवस कामाला आली नव्हती. अंगात कसर आहे म्हणाली.

त्या दिवशी एसटीत सृष्टी मॅडमवर चिडून बसली. माझी आई वाईट नाही, असं मनातल्या मनात घोकत राहिली. बाई वाईट म्हणाल्याच नव्हत्या. पण खिडकीतून बाहेर बघताना तिला एक गोष्ट लख्ख कळली. लोणंदच्या आत्याची भिकार साडीसुद्धा आई हसून ठेवून घेते, कारण आत्या बरोबरीची. आणि राहीबाईचा चांगला खण दयेनं माघारी जातो.

घरी येऊन तिनं राहीबाईला गोठ्यात गाठलं. "त्या खणाचं तुला वाईट वाटलं होतं का गं?"

राहीबाईनं वैरणीची पेंढी खाली टाकली. "आत्ता इचारतीस व्हय? कॉलेजात शिकीवलं वाटतं!" मग हात झाडून म्हणाली, "ऐक. रुशीबाळाच्या लग्नात मी तुझ्या आईला साडी नेसवनार हाय. मांडवात. ह्या खेपेला माघारी दिली तर ह्या घरचा उंबरा मला बंद. सांगून ठेवते."

"मी बोलू आईशी?"

"खबरदार! तू सांगितलंस तर घेतील गं, पर ते तुझ्या भिडंनं. मला तिच्या मनानं घेतलेली पायजे."

पुढच्या वर्षी ऋषिराज रजा घेऊन आला आणि लग्नाची घाई उडाली. सृष्टी आईभोवती घोटाळायची आणि शब्द गिळायची. आई म्हणे, "लग्न भावाचं हाय का तुझं? तोंड असं का?"

मांडवात वरमाई पाटावर बसली. आहेर सुरू झाले. लोणंद आली, वडूज आलं, औंध आलं. कुंकू लागत होतं, खांद्यावर साड्या पडत होत्या, माईकवरून नावं पुकारली जात होती. गर्दी जरा पांगली तशी राहीबाई पुढं आली. ठेवणीतलं लुगडं नेसलेली, हातात सांगलीच्या दुकानाची पिशवी. तिनं साडी आईच्या हातात दिली. जांभळी, डोळ्यांत भरेल अशी जांभळी.

आई चटकन म्हणाली, "अगं, हे कशाला? तू तर घरचीच की. तुझं मन पोच—"

आईनं साडी माघारी पुढं केली, पण राहीबाईनं दोन्ही हात पाठीमागं बांधले होते.

"घे की गं माघारी," लोणंदच्या आत्या मध्ये तोंड घालत्या झाल्या. "वैनी एवढ्या म्हंत्यात तर."

"घरची म्हंता आनि घेत न्हाईसा," राहीबाई आत्यांकडं न बघता आईला म्हणाली. "लोनंदची घेतली, वडूजची घेतली. माझीच तेवढी मनानं पोचती. वयनी, ती दुकानातनं पोचलीया. पैसं टाकून."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. सृष्टी चार पावलांवर उभी. दोन वर्षं शिकलेले सगळे शब्द तिच्या डोक्यात होते, आणि तोंडातून एक बाहेर येईना. आईचा चेहरा लाल झालेला. तिनं हातातल्या साडीकडं बघितलं, राहीबाईच्या पाठीमागं गेलेल्या हातांकडं बघितलं. मग एकदम खेकसली,

"आणि कुंकू कोण लावणार? आहेर असा नुसता हातात कोंबतात व्हय? रीत-भात हाय का न्हाई काही?"

सृष्टी कुंकवाचं तबक घेऊन अशी धावली की तबकातल्या अक्षता निम्म्या सांडल्या. राहीबाईचे हात पाठीमागून सुटले. तिनं चिमूट एवढी मोठी भरली की कुंकू कपाळावरून वरमाईच्या नाकावर पडलं. "नीट लाव गं, फोटो काढायलेत," आई म्हणाली, आणि दोघी हसल्या. साडी खांद्यावर पडली. सृष्टीनं माईकवाल्याकडं बघितलंही नाही. त्यानं आपणहून नाव पुकारलं.

पण राहीबाई अशी सहजी मानणारी नव्हती. लग्न पार पडलं, पाहुणे पांगले, तशी ती सृष्टीला म्हणाली, "मांडवात घेतली लोकांम्होरं. न घेऊन सांगतीय कुणाला! कपाटात कुठल्या खनात हाय, त्ये बघून ये."

सृष्टीला ते पटलं, आणि भीतीही वाटली. मॅडमना तिनं सगळं सांगितलं होतं. बाई म्हणाल्या होत्या, एका साडीनं घर बदलत नाही, हेही लिही. तिनं लिहिलं. राहीबाईला चहा अजून पडवीतच दिला जातो, हेही लिहिलं. स्वतः लहानपणापासून तो तिथं नेऊन दिला आणि कधी काही खटकलं नाही, तेही लिहिलं. समाजशास्त्रानं तिला अजून नोकरी दिलेली नाही. सुभेदार भरतीची चौकशी करतातच. पण हा विषय घेतला नसता तर आपण आईसारख्याच प्रेमानं लोकांचे खण परत करत राहिलो असतो, असं ती म्हणते, आणि अपूर्वा मॅडमचं नाव निघालं की खुर्चीत जरा सावरून बसते.

तर त्या दिवशी तिनं कपाटाचा खालचा खण उघडला. जांभळी तिथं नव्हती. वरच्या खणात बघितलं. तिथंही नव्हती. गेली की काय कुणाच्या बारशाला?

ती बाहेर आली तर सोप्यात आई चष्मा लावून बसलेली, मांडीवर जांभळा डोंगर, हातात सुई.

"रंग बघ हा," आई वर न बघता पुटपुटली. "सांगलीत दुसरा मिळाला न्हाई हिला. ह्या रंगाचा फॉल मिळवताना माझा जीव गेला."

दुधाची बादली घेऊन राहीबाई दारात आली ती तिथंच थबकली. बघत राहिली. मग बादली ठेवली, पदराला हात पुसले आणि आत येऊन साडीचं दुसरं टोक उचललं.

"वयनी, टाका लय लांब घालतासा. अशानं सुटतोय फॉल."

"मग तू घाल," आईनं सुईत दुसरा दोरा ओवला. "त्या बाजूनं तू ये."