राबाजवळची काठी

आमच्या चिखलोलीच्या इमारतीखाली आज कुणीतरी वाळका पाला पेटवला. धूर चौथ्या मजल्यापर्यंत आला आणि गॅसवरचं दूध उतू गेलं तरी मी खिडकीतून हललो नाही. हा वास आला की मी गोंधळतो, आणि वय वाढलं तसा जास्तच गोंधळतो.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. अंबरनाथच्या कारखान्यात कारकुनी करणारा मी, रविवारी सायकल काढून बारवी धरणाकडच्या एका वाडीवर जायचो. तिथल्या एका म्हाताऱ्याशी माझी गट्टी जमली होती. त्यांना मी बाबा म्हणायचो, ते मला भाऊ. त्या वर्षी पाऊस लवकर आटोपला होता. फाल्गुनातच डोंगरावरचं गवत कुरकुरीत झालं होतं आणि रोज कुठल्यातरी माथ्यावर वणवा दिसायचा. कुणी म्हणे शिकारी लावतात, कुणी म्हणे मोहाची फुलं वेचायला झाडाखालचं रान जाळतात, कुणी सहलीला येणाऱ्यांच्या सिगारेटींना दोष देई. मला सगळ्यांचंच पटायचं.

एका सकाळी बाबांनी राब पेटवला. भाताची रोपं करायची त्या तुकड्यावर पाला आणि शेण पसरून जमीन भाजून घ्यायची, ही तिकडची रीत. आग वाऱ्याच्या उलट सरकेल अशी लावतात, म्हणजे ती बेताने जळते. "भाऊ, मी पानी घेऊन येतो. नजर ठेवा, पन हात लावू नका," असं बजावून ते ओढ्याकडे गेले. एक कोपरा काही पेटेना. मला शहाण्याला वाटलं, मदत करावी. काठीने पाला उकरला, तशी भपकन ज्वाळा उठली आणि ठिणग्या उडाल्या. मान वर केली तर उतारावर धूर! तो माझ्या ठिणग्यांचा, की आधीपासूनच होता? आधीच होता, असं मला आठवतं. तसं आठवलं की बरं वाटतं, म्हणून तर तसं आठवत नसेल ना?

दुपारपर्यंत उतार काळाठिक्कर पडला. बाबांची मोहाची झाडं गेली, गुरांच्या गवताची गंजी गेली. पुढे पावसाळ्यात त्याच उताराची माती वाहून त्यांच्या खाचरात बसली.

वनरक्षक चढून येताना दिसला, तेव्हा बाबांनी माझ्या हातातली टोकाला जळलेली काठी घेतली आणि राबात टाकली.

"राब कोनाचा?"

"माझा. मीच लावला," बाबा म्हणाले. ते त्याच्यामागून चालू लागले आणि मी सायकलपाशी नुसता उभा राहिलो.

त्यांनी मला वाचवलं, की हाताला लागलेलं लाकूड सवयीने आगीत टाकलं? ते कोठडीतून सुटून आल्यावर मी दोनदा विचारायला गेलो. दोन्ही वेळा त्यांनी पाणी दिलं, मोहाविषयी बोलले, आणि मी न विचारताच सायकल काढून परतलो. आता बाबा नाहीत. वर धूर आधी होता की नव्हता, मला खरंच माहीत नाही. पण काठी माझी होती. हे मी आज पहिल्यांदा म्हणतो आहे, आणि ऐकायला ते नाहीत.