कंबर सव्वीस

शिंपीमास्तरांच्या मुलीने मैत्रिणीचा नवा गणवेश मत्सरापोटी मुद्दाम उसवून ठेवला आणि त्यापायी ती बिचारी बाहेरगावच्या खेळाच्या शाळेला मुकली, ही गोष्ट त्या पावसाळ्यात आधी कानाला लागून सांगितली गेली आणि पुढे उजळ माथ्याने फिरू लागली. जसा सांगणारा, तशी तिला झालर. भाजीवालीच्या तोंडी पोरीने कमरपट्टीच कात्रीने कापली होती. न्हाव्याच्या खुर्चीत बसलं की कापडावर शाई सांडलेली ऐकायला मिळे. दूधवाल्याच्या गोष्टीत तर गणवेश थेट शेगडीत गेला होता आणि दूधवाल्याने धूर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. दुधात घालतो त्यापेक्षा गोष्टीत तो पाणी कमीच घालतो, असं त्याचीच गिऱ्हाइकं म्हणत, पण ऐकायला मात्र थांबत. कारणाबद्दल सगळ्यांचं एकमत होतं. एकीच्या पायांना पंख फुटले आणि दुसरीच्या पोटात दुखलं.

या दुसरीला सगळी गल्ली टाचणी म्हणायची. एक तर अंगाने तशीच, आणि दुसरं म्हणजे कामात असली की ओठांत चार-पाच टाचण्या धरलेल्या असायच्या. त्यामुळे ती बोलायची कमी, आणि बोलली की टोचायचं. वय वर्षं पंधरा. दुकान म्हणजे रस्त्याकडची एक लांबट खोली: पुढे कापायचं टेबल, त्यामागे दोन मशीन, भिंतीला शिवून झालेले कपडे टांगायची दांडी, आणि कोपऱ्यात पडदा लावून केलेली ट्रायलची जागा, जिच्यात दोन माणसं उभी राहिली तर तिसरा श्वास मावायचा नाही.

मुलीबायकांची मापं मास्तर स्वतः घेत नसत. ते काम टाचणीच्या आईचं होतं. आई गेली आणि अकराव्या वर्षी टेप टाचणीच्या गळ्यात आली. पद्धत ठरलेली. पडद्याआड टाचणी माप घ्यायची आणि आकडा मोठ्याने सांगायची. पडद्याबाहेर टेबलाशी मास्तर तो वहीत लिहायचे आणि खात्रीसाठी उलटा म्हणून दाखवायचे. आतून "हो" आलं की आकडा पक्का. मग ब्रह्मदेव जरी मापाला आला असता तरी मास्तरांनी वहीवरच विश्वास ठेवला असता. मागच्या वर्षीचं मापही त्याच पानावर असायचं, आणि पोरं वर्षाला किती वाढतात हे मास्तरांना तोंडपाठ. "पोरं वाढतात म्हणून शिंपी जेवतो," असं म्हणून ते शिवणीत वरून दोन बोटं जास्तीच्या कापडाची माया सोडायचे. कापड कमी पडल्याची तक्रार त्यांच्या दुकानावर बावीस वर्षांत आली नव्हती. उशीर झाल्याचीही नाही. त्या दुसऱ्या गोष्टीचा त्यांना जरा गर्वच होता.

आता पहिली. तिचं नाव हरणी, कारण उघड आहे. शाळेच्या मैदानावर ती धावायला लागली की गणिताचे सर खिडकीशी येऊन उभे राहायचे, आणि गणिताचे सर स्वतःच्या लग्नातही खुर्चीवरून उठले नव्हते अशी ख्याती. टाचणीची आई गेली तेव्हा शेजारपाजारच्या बायका तीन दिवस आल्या, हळहळल्या आणि आपापल्या घरी गेल्या. हरणी चौथ्या दिवशी आली, मशीनखाली पडलेल्या चिंध्या गोळा करत बसली आणि चार वर्षं येतच राहिली. बोलायची दोघींच्या वाटणीचं. टाचणीला दुसरी मैत्रीण नव्हती, आणि दुसरी असावी असं तिला कधी वाटलंही नव्हतं.

त्या वर्षी हरणीची निवड झाली. लांबच्या शहरात खेळाडू मुलींचं वसतिगृह, शाळाही तिथलीच. सुट्टी संपायच्या आधीच्या रविवारी निघायचं आणि सोमवारी वैद्यकीय तपासणी. सोबत न्यायचा गणवेश मास्तरांनी शिवायचा. पैसे घेणार नाही असं त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं.

माप घ्यायला हरणी आली ती भर दुपारी. आली तशी पाण्याच्या बाटलीला तोंड लावलं आणि बाटली रिकामी करूनच खाली ठेवली. मास्तर म्हणाले, अगं, उंट होणार आहेस की हरीण, ते एकदा ठरव. ती हसली आणि पडद्याआड आली. टाचणीने खांदा घेतला, छाती घेतली, मग कंबर. टेप सोडून पुन्हा घेतली. साडेबावीस. मागच्या वर्षी पंचवीस होती, हे तिला वही न बघता आठवत होतं.

हरणीने तिचं मनगट धरलं आणि अगदी कानाशी म्हणाली, "सव्वीस सांग."

ती सरावाने रोडावली आहे म्हणे. इतकंच. पण मास्तरांना आकडा कळला की ते आईला सांगणार, आई घाबरट, ती लगेच पाठवायचं रद्द करणार. पडद्याबाहेरून मास्तरांनी विचारलं, कंबर झोपली का गं तुमची. टाचणीने ओठांतल्या टाचण्या काढून हातात घेतल्या.

"सव्वीस," ती म्हणाली.

"सव्वीस?"

"हो."

मास्तरांनी लिहिलं. पोर वाढली, असं खूश होऊन पुटपुटलेही.

पुढच्या दिवसांत हरणी दुकानात यायची पण पूर्वीसारखी बडबडायची नाही. चिंध्यांच्या ढिगाला टेकून डोळे मिटून बसायची. मध्येच उठून पाणी, मध्येच उठून मागे मोरीकडे. आमच्या दुकानात तू हजेरी लावतेस की मोरीत, असं मास्तरांनी विचारलं तेव्हाही ती हसली, पण उत्तर द्यायचं विसरली. हरणी आणि उत्तर द्यायचं विसरली, हे टाचणीला पाण्यापेक्षा जास्त खटकलं. सराव बंद का केलास, असं तिने विचारून पाहिलं. उन्हामुळे, असं उत्तर आलं.

मंगळवारी ट्रायल होती. निळा स्कर्ट हरणीने कमरेला लावला, हुक अडकवला, हात सोडला आणि स्कर्ट सरळ पायांशी जाऊन पडला. दोघी क्षणभर खाली बघत राहिल्या. मग हरणीला हसू फुटलं, आणि तिचं बघून टाचणीलाही. दोघी तोंडावर हात दाबून हसल्या, पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हसण्याची धाप हरणीला बराच वेळ उतरली नाही. ती भिंतीला धरून उभी राहिली. टाचणीने टेप लावली. एकवीस.

बाहेर येऊन तिने मास्तरांना सांगितलं की ट्रायल उत्तम, कमरेला अगदी थोडं आत घ्यायचंय, ते मीच घेते. संध्याकाळी तिने दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवल्या आणि पाच इंच आत घेऊन टीप मारली. म्हणजे उसवलं तिने खरोखरच, आणि उघड्या दारातल्या मशीनवर बसून उसवताना भाजीवालीने पाहिलंही. जगातल्या बऱ्याच अफवांना असा एखादा साक्षीदार मिळतोच.

गुरुवारी संध्याकाळी ती शेजारच्या औषधवाल्याकडे गेली. हा इसम गिऱ्हाइकाच्या हातातल्या चिठ्ठीपेक्षा त्याच्या घरातल्या भांडणात जास्त रस घेणारा. समजा एखाद्याची कंबर महिन्या-दोन महिन्यांत चार इंच कमी झाली तर, असं टाचणीने विचारलं. तो म्हणाला, तर त्याला म्हणावं, गुटी कुठली घेतोस ते माझ्या बायकोला सांग. टाचणी हसली नाही. तिने पाण्याचं सांगितलं, मोरीचं सांगितलं, धाप सांगितली. औषधवाल्याने काउंटरवरचा हात उचलला. त्याचा चेहरा उतरलेला त्या गल्लीत कोणी पाहिला नव्हता.

"कोण आहे ते विचारत नाही," तो म्हणाला. "पण तिला दवाखान्यात न्या. रक्त तपासा. पुढच्या आठवड्यात नाही, आत्ता."

शुक्रवारी सकाळी टाचणी हरणीच्या घरी गेली. घरात ती एकटीच, पांघरूण घेऊन पडलेली, बाहेर ऊन भाजत असताना. टाचणीने सगळं सांगितलं. हरणीने ऐकून घेतलं, आणि ती काही वेडी नव्हती, काहीतरी बिघडलंय हे तिलाही कळत होतं. तिचं म्हणणं एवढंच की सोमवारपर्यंत दम धर. तपासणीत काही निघालंच तर तिथले डॉक्टर बघतील, निदान मी तिथे पोचलेली तरी असेन. इथेच कळलं तर मला कोणी दाराबाहेर सोडणार नाही. बोलताना ती दोन वाक्यांत एकदा थांबत होती, आणि तिच्या श्वासाला कुजक्या फळांसारखा गोडसर वास येत होता.

"तीन दिवस," हरणी म्हणाली. "तीन दिवस गप्प बसता येत नाही तुला? एरवी तर तोंड उघडत नाहीस."

"आणि तुला काही झालं तर?"

"आईला सांगितलंस तर तू माझी कोणी नाहीस. चार वर्षं मी तुझ्याकडे आले. एवढं कर."

टाचणी तिथून निघाली. घरी जायला डावीकडे वळायचं होतं. ती कोपऱ्यावर पुष्कळ वेळ उभी राहिली. चार वर्षांचा हिशोब हरणीने याआधी कधी काढला नव्हता, आणि काढला तो काही खोटा नव्हता. ती उजवीकडे वळली.

हरणीची आई बसस्टँडवर तिकिटं द्यायची. सगळे तिला तिकीटकाकू म्हणत. नवरा परगावी नोकरीला, ही बाई पहाटे घर सोडायची आणि अंधार पडल्यावर परतायची. लेकीचं तोंड तिला जागेपणी रविवारीच दिसायचं. सुट्टीचे दिवस, खिडकीशी ही लांब रांग. टाचणी रांगेत उभी राहिली. तिच्या पुढे सतरा माणसं होती, आणि दर माणसागणिक परत फिरायची सोय होती. तिचा नंबर आला. काचेतल्या भोकातून काकूंनी वर न बघताच विचारलं, कुठलं.

"काकू, हरणीची कंबर मागच्या वर्षी पंचवीस होती. पंधरा-वीस दिवसांपूर्वी साडेबावीस. मंगळवारी एकवीस."

काकूंनी वर पाहिलं.

"मी बाबांना सव्वीस सांगितलं होतं," टाचणी म्हणाली. "ते खोटं होतं. ती घरी पडली आहे. तिला श्वास घेता येत नाहीये नीट."

मागून कोणीतरी खेकसलं की गप्पा घरी मारा, गाडी सुटतेय. काकूंनी खिडकीची फळी खाली ओढली. रांगेने त्या बाईचा आणि तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, पण तोपर्यंत ती पायातल्या चपलांनिशी धावत रस्त्याला लागली होती. लेकीचे पाय कुठून आले, हे तेव्हा कोणाला पाहायचं असतं तर दिसलं असतं.

दवाखान्यात रक्तातली साखर मोजली तर यंत्राला आकडा दाखवता येईना. हरणी दोन दिवस शुद्धीवर नव्हती. तिसऱ्या दिवशी तिने डोळे उघडले. डॉक्टरांनी आईला सांगितलं की आता रोज इंजेक्शन, जन्मभर, आणि आणखी एक रात्र गेली असती तर हेही सांगायला लागलं नसतं. ती दवाखान्यात असतानाच सोमवार उलटून गेला. वसतिगृहाने यादीतली पुढची मुलगी घेतली.

मास्तरांना खरं सांगायचं काम टाचणीने स्वतः केलं. ते रागावले नाहीत, ते तिला जास्त जड गेलं. त्यांनी वही उघडली, सव्वीसवर रेघ मारली आणि म्हणाले, सांग आता, खरे आकडे सांग. तिने सांगितले. त्यांनी तारखांसकट लिहिले आणि उलटे म्हणून दाखवले. प्रत्येक आकड्याला ती "हो" म्हणाली. 

हरणी घरी आल्यावर टाचणी भेटायला गेली. हरणी भिंतीकडे तोंड करून झोपली होती. झोपलेली नव्हती.

"मी वाचेन की नाही, हे तू ठरवलंस," भिंतीकडे बघतच ती म्हणाली. "मला विचारून ठरवलंस?"

  टाचणी पलंगाच्या कडेशी उभी राहिली, मग पांघरुणाची सुटलेली कड तिने आत खोचली आणि निघून आली. हरणी पुन्हा कधी दुकानात आली नाही. शाळा सुरू झाल्यावर दोघी एकाच वर्गात, तीन बाकांच्या अंतरावर बसल्या, आणि ते तीन बाक वर्षभर तितकेच राहिले. मशीनखाली चिंध्या साठत गेल्या. टाचणी त्या आठवड्यातून एकदा झाडून टाकू लागली.

त्याच वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर तिकीटकाकू दुकानात आल्या होत्या. आभार मानायला आल्या असतील असं मास्तरांना वाटलं, आणि त्यांनी मानलेही, टाचणीचे हात हातात घेऊन. पण मग त्या पदराशी चाळा करत सांगू लागल्या. लोक विचारतात, पोर का गेली नाही. आजार सांगितला तर उद्या तिला कोण पत्करेल, कुठल्या घरात देता येईल. त्यांनी चौघांत असं सांगितलं होतं की गणवेश वेळेवर मिळाला नाही, म्हणून दिवस चुकला. तेवढं मास्तरांनी निभावून घ्यावं.

मास्तरांनी हातातला खडू टेबलावर ठेवला. बावीस वर्षांत त्यांचा एकही कपडा उशिरा गेला नव्हता. ते काही बोलायच्या आत टाचणी बोलली.

"सांगा काकू. माझ्याकडूनच उशीर झाला म्हणून सांगा. बाबांचं नाव नका घेऊ."

काकूंनी तसंच सांगितलं. भाजीवालीने उसवताना पाहिलं होतंच, ते तिने त्याला जोडलं. पुढचं काम न्हाव्याने आणि दूधवाल्याने केलं. हरणीच्या कानांवर ते सगळं गेलं आणि तिने ते खोडलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात गणवेशांची बरीचशी गिऱ्हाइकं दुसऱ्या शिंप्याकडे गेली. टाचणीला तोंडावर विचारणारेही भेटले. ती टाचण्या ओठांत धरून काम करत राहायची.

खरी गोष्ट अशी आहे. गणवेश गुरुवारी दुपारीच तयार झाला होता, इस्त्री करून दांडीला टांगलेला. हरणी गेली नाही कारण ती आजारी होती. टाचणीने ते तिच्या आईला सांगितलं, आणि म्हणून ती जगली.