कोचला काढायचा खर्च

मी फायनान्समध्ये काम करते म्हटलं की लोक विषय बदलतात. लंडनमध्ये एजवेअरला मैत्रिणी जमल्या की आधी डॉक्टरणीचे किस्से, मग शिक्षिकेचे, आणि माझी पाळी येईपर्यंत चहा संपलेला असतो! पण गेल्या हिवाळ्यात ब्रॅकनेलजवळच्या आमच्या कॉलेजात बास्केटबॉलच्या कोचला काढायचं की ठेवायचं हा प्रश्न निघाला. तेव्हापासून एवढा माल साठलाय की आता मीच आधी सुरू करते.

कोचचं नाव डेरेक. ताडमाड उंच, दणदणीत आवाज, स्वभावानं मऊ. त्याची टीम घरच्या मैदानावर हरली, बाहेर हरली, समोरची अर्धी टीम आजारी असतानाही हरली. गव्हर्नर मंडळी, म्हणजे कॉलेजचं संचालक मंडळ, वैतागली. प्रिन्सिपल हेलननं मला आणि माझ्या टेबलाशेजारच्या मंगेशला बोलावलं. मंगेश नागपूरचा, तोंडानं फटकळ.

"हा माणूस आपल्याला केवढ्याला पडतोय?" हेलननं विचारलं.

"हरायला काही खर्च येत नाही," मंगेश म्हणाला. "काढायला येतो!"

*

काँट्रॅक्टची दोन वर्षं शिल्लक होती. आत्ता काढलं तर त्याला उरलेला पगार द्यायचा, शिवाय नव्या कोचलाही पगार. म्हणजे टीम एक, कोच दोन, आणि त्यातला एक घरी बसून!

कोणाचंही नाव न घेता मी हे फोनवर आईला सांगितलं. ती म्हणाली, "अगं, जुन्या फ्रिजचे हप्ते फिटले नाहीत आणि तो जिन्याखाली ठेवून नवा आणायचा? तुमच्या त्या गव्हर्नरांना घरी कुणी विचारत नाही वाटतं!"

पुढच्या मीटिंगमध्ये मी हेच सभ्य इंग्रजीत मांडलं. सगळ्यांनी 'एक्सलंट पॉइंट' म्हणून लिहून घेतलं. आईला अजून सांगितलेलं नाही, डोक्यावर बसेल.

*

मग आले टीमचे स्पॉन्सर. खिडक्या बसवायचा धंदा. टेबलावर हात आपटून म्हणाले, "काढा त्याला! निम्मा खर्च माझा!"

गव्हर्नरांचे चेहरे उजळले. मी विचारलं, "पैसे कधी ट्रान्सफर कराल?"

"पैसे नाही हो. मी वस्तूच्या रूपात देणार!"

मंगेशनं पेन खाली ठेवलं. "म्हणजे डेरेकला नोटीसचा पगार म्हणून दुहेरी काचेच्या खिडक्या द्यायच्या?"

*

पालकांसाठी कॉलेजात ओपन ईव्हनिंग असते, तिला वेम्बलीहून एक मराठी गृहस्थ आले. त्यांचा मुलगा डेरेकच्या टीममध्ये. मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, कोचला काढणार असं ऐकतोय. खरं का?"

मी म्हटलं, "मला बोलता येणार नाही. पण टीम सारखी हरतेय, हे तुम्हालाही दिसतंय ना?"

"हरू द्या की! मॅथ्सचा तास बुडवला तर तो प्रॅक्टिसला उभं करत नाही. आमचं कार्टं घरी माझं ऐकत नाही, त्याचं ऐकतं. तो गेला तर आम्हीही मुलाला काढू."

आम्हाला सरकारकडून पैसे मिळतात ते विद्यार्थ्यांच्या संख्येवर. त्यांच्या बोलण्यावर माना डोलावणारे आणखी चार पालक मागे उभे होते. मी परत जाऊन माझी बेरीज बदलली. मंगेश म्हणाला, "हा हरणारा माणूस आपल्याला पोसतोय की काय!"

*

एका दुपारी डेरेक स्वतः पेट्रोलच्या पावत्या घेऊन आला. आम्ही दोघांनी एकदमच स्क्रीन बंद केले.

"माझाच हिशोब चाललाय ना?" त्यानं हसत विचारलं.

"छे छे," मी म्हटलं.

"नोटीसच्या पैशांवर व्हॅट धरलात ना? नाहीतर कमी पडतील."

"पगारावर व्हॅट नसतोच!" मंगेश ताडकन म्हणाला. "आम्ही धरलेलाच नाही!"

आणि त्यानं जीभ चावली. डेरेकनं पावत्या ठेवल्या, "थँक यू" म्हणाला आणि गेला. त्याच्या घराचं कर्ज फिटायचं होतं, मुलगी युनिव्हर्सिटीत शिकत होती. मला फार वाईट वाटलं. मंगेश दिवसभर कुणाशी बोलला नाही, आणि हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

*

इथे कुणी नोकरी सोडून चाललं की एक मोठं कार्ड पाकिटात घालून ऑफिसभर फिरवतात. प्रत्येकानं दोन ओळी लिहायच्या, जमेल तेवढे पैसे टाकायचे आणि पाकीट पुढे सरकवायचं. ज्याचं कार्ड त्याला दिसू द्यायचं नाही, एवढाच नियम.

रिसेप्शनवरची जॅनेट भारी तत्पर. गव्हर्नरांचा निर्णय व्हायच्या आधीच तिनं डेरेकचं कार्ड आणून फिरवायला सुरुवात केली! आणि कुणीतरी ते पाकीट सवयीनं डेरेकच्याच स्पोर्ट्‌स डिपार्टमेंटच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

निर्णयाच्या सकाळी मी आणि मंगेश हेलनच्या खोलीत असताना ते तिच्या हातात आलं. तिनं कार्ड उघडलं, वाचलं आणि माझ्याकडे दिलं. सगळ्यांच्या शुभेच्छांखाली ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: "डेरेक, तुझ्याबरोबर काम करायला मजा आली. पुढच्या वर्षी डिफेन्सकडे लक्ष दे. तुझा, डेरेक." पाकिटात त्याची वीस पौंडांची नोटही होती.

गव्हर्नर बाहेर ताटकळत होते. हेलननं खिडकीतून खाली पाहिलं. तिथे टीमची मिनीबस टायर बसल्यामुळे एका बाजूला कलून उभी होती.

"पाकिटात किती जमलेत?" तिनं विचारलं.

मंगेशनं मोजून सांगितले.

"तेवढ्यात टायर येईल?"

"येईल."

"मग बसवून घ्या," हेलन दाराकडे जात म्हणाली. "शनिवारी मॅच आहे त्याची."