दाजींच्या मशीनचा घूं

आमच्या दाजींइतका शांततेसाठी गोंगाट करणारा माणूस इंदापूर तालुक्यात दुसरा झाला नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला वरकुट्याला आणि इंदापुरात मोटार रिवायंडिंगचं दुकान. शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटारी आणायच्या, आतली काळी पडलेली तार ओढून काढायची, नवी भरायची आणि मोटार चालू करून दुकानाची भिंत थरथरेपर्यंत ती ऐकत बसायचं, असा त्यांचा दिवस. या धंद्यातल्या माणसाचे कान चाळिशीत बाद होतात. दाजींचे धारदार होत गेले. माझ्या घरी बारामतीला आले की चपला काढायच्या आधी पंखा बंद करायला सांगायचे. मी बंद करायची. मग ते स्वतः चालू करायचे, मान वाकडी करून ऐकायचे आणि म्हणायचे, "सिस्टर, बेअरिंग चाललंय. दोन म्हैने." मी दवाखान्यात नर्स आहे, म्हणून मेहुणीला सिस्टर. बेअरिंग दोन महिन्यांनी गेलं. त्या दिवशी त्यांनी मुद्दाम एसटीडीवरून फोन करून "गेलं का?" म्हणून विचारून घेतलं.

गावात त्यांची गायन पार्टी होती. जयंतीला, लग्नात, कुणाच्या घरभरणीला गायची. हार्मोनियमवर दाजी, ढोलकीवर त्यांचे चुलते, गिटारवर गावचे पोस्टमन आणि गायला त्यांची बायको, म्हणजे माझी आक्का. पोस्टमननी गिटार कुठून पैदा केली ते विचारायचं नाही, असा पार्टीचा नियम होता. पण तिचा आवाज पुढच्या रांगेच्या पलीकडे जाईना, म्हणून दाजींनी पुण्याच्या जुन्या बाजारातून एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राचा अँप्लिफायर आणला. खास गिटारचा, व्हॉल्व्हचा. उचलायला दोन माणसं लागायची. मागून पाहिलं तर काचेचे व्हॉल्व्ह ओळीनं कंदिलासारखे लागलेले दिसायचे. एका भोकात गिटार आणि दुसऱ्यात, मधे एक छोटा डबा लावून, आक्काचा माईक. घरात त्याला सगळे मशीन म्हणत. मशीन आवाज मोठा करायचं यात वाद नाही. पण कुणी काही वाजवत नसतानाही ते आपलं स्वतःचं "घूं" करत बसायचं.

तरी दोन वर्षं पार्टी त्या घूंसकट गायली, कारण आक्काचा आवाज त्याच्या कितीतरी वर चढायचा. मग आक्काच्या गळ्याला गाठ आली. ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली. पण ती आवाजाच्या नसेला धरून होती आणि आवाज पहिल्यासारखा होणार नाही हे सर्जननी आम्हाला आधीच सांगितलं होतं. झालंही तसंच. बोलणं नीट, पण गायला लागली की सुरापेक्षा हवाच जास्त. महिनाभरानं पार्टीनं तिला बोलावलं तेव्हा तिनं सरळ सांगून टाकलं, "त्या मशीनचा घूं आता माज्यापेक्षा मोठा हाय. त्यो जाऊ द्या, मग गाते."

हा नकार होता. मला कळला, चुलत्यांना कळला, पोस्टमननासुद्धा कळला. दाजींनी तो कम्प्लेंट म्हणून लिहून घेतला. एवढंच नाही, तर त्यांनी तारीखही सांगून टाकली: येती बुद्धजयंती सोडा, पुढच्या बुद्धजयंतीला ही विहारात गाणार.

तिथून पुढे दीडेक वर्ष त्या घरात जे चाललं, त्याला दुरुस्ती म्हणणं कठीण आहे. दाजींनी आवाजांची वर्गवारी केली आणि ती मला दवाखान्याच्या भाषेत समजावून सांगितली. घूं म्हणजे पोटाचा विकार, तो वीज येते त्या बाजूचा. सूं म्हणजे सर्दी, ती थोडी राहणारच. चरचर म्हणजे खाज, व्हॉल्व्हच्या पायांशी मळ साठला की होते. आणि टण्ण म्हणजे डोकं फिरलेला व्हॉल्व्ह, त्याला नुसतं डिवचलं तरी किंचाळतो. कुठला किंचाळतो ते शोधायला लाकडी वस्तूनं एकेकाला हळूच टिचकी मारायची असते. दाजींनी आक्काचं लाटणं वापरलं. एकदा मी गेले तेव्हा आक्का पोळपाटासमोर कणकेचा गोळा घेऊन बसली होती आणि आतल्या खोलीतून टण्ण, टण्ण चाललं होतं.

"आवो, लाटणं द्या, भुका लागल्यात माणसांना."

"एक व्हॉल्व्ह राह्यलाय."

"मग आज व्हॉल्व्हच खावा."

आमच्या डॉक्टरांनी टाकून दिलेला स्टेथॉस्कोप त्यांनी माझ्याकडून मागून नेला. तो त्यांनी मशीनला लावला, मीटरला लावला, शेजाऱ्यांच्या फ्रिजला लावला. शेजारीणबाई मला नंतर हळूच विचारत होत्या, फ्रिजला नक्की काय झालंय, सांगत का नाहीत.

मग त्यांना संशय आला की घूं घरातला नसून गावातला आहे. म्हणून एका सकाळी ते पिठाच्या गिरणीवर गेले. मी सोबत होते, कारण आक्कानं दळण माझ्याकडे दिलं होतं. डबे घेऊन दहाबारा बायका रांगेत होत्या. दाजी गिरणीवाल्या तात्यांना म्हणाले, "तात्या, पाच मिन्टं गिरण बंद ठेवा."

तात्यांचा चेहरा पडला. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि विचारलं, "कोण गेलं?"

"कुनी न्हाय गेलं. घूं कुठनं येतुय ते बगायचंय."

तात्यांनी टोपी परत घातली आणि पुढं काय बोलले ते मी लिहीत नाही. पण गिरणी पाच मिनिटं बंद राहिली, कारण दाजींनी तात्यांची मोटार तीनदा भरून दिली होती. तेवढ्यात दाजी घरी पळत जाऊन मशीन ऐकून आले. घूं तसाच होता. दळण घेऊन परत येताना दाजी खुशीत होते. "गिरण सुटली यातनं," म्हणाले, जणू एखाद्या निर्दोष माणसाला जामीन मिळवून दिला होता.

मध्ये एक नवाच आजार झाला. विहारात वंदना संपली, सगळे डोळे मिटून शांत बसले आणि मशीनमधून एकदम स्वच्छ आवाजात कांद्याचे बाजारभाव यायला लागले. मशीन रेडिओ पकडत होतं. दाजींनी धावत जाऊन वायर उपटली. मागून एक शेतकरी कळवळून म्हणाला, "बंद कशाला केलं? डाळिंबाचं राह्यलं की!" दाजींनी त्याच आठवड्यात कसलासा बारका कंडेन्सर लावून रेडिओ घालवला. गावातल्या निम्म्या लोकांना ते आवडलं नाही.

मोठे कंडेन्सर सुकलेत, हेही त्यांनी शोधून काढलं आणि पुण्याहून आणून बदलले. पण त्याच सुमाराला त्यांनी आणखी एक गोष्ट केली. घरामागे खड्डा खणून त्यात मीठ-कोळसा भरला, मध्ये लोखंडी पाईप उभा केला आणि त्याची वायर माईकच्या डब्याला जोडली. अर्थिंग. अर्थिंग चांगलं राहायचं तर खड्डा ओला पाहिजे. म्हणून दाजी सकाळी एक आणि संध्याकाळी एक हंडा पाणी त्या पाईपला घालू लागले. पावसाळ्यात कुणाच्या लक्षात आलं नाही. उन्हाळ्यात वरकुट्याच्या विहिरी तळाला गेल्या, टँकर सुरू झाला, बायका हंड्यांची रांग लावून भांडू लागल्या आणि त्या गावात एक माणूस लोखंडाच्या पाईपला रोज दोन हंडे पाणी घालत होता. गल्लीतली एक म्हातारी रोज यायची, पाईपकडे बघायची आणि विचारायची, "कोंब फुटला का काय त्याला?"

बुद्धजयंतीला चार दिवस राहिले तेव्हा मी आक्काच्या गोळ्या घेऊन गेले. टँकर तीन दिवस आला नव्हता. घरात एकच हंडा शिल्लक होता. दाजी त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले.

आक्का म्हणाली, "हात लावायचा न्हाय."

"निम्मा दे."

"थेंब मिळायचा न्हाय. सिस्टर आलीया तुमची, तिला च्या कशाचा करू? पायपाचा?"

"अगं, चार दिवस राह्यले. खड्डा पार कोरडा ठाक पडलाय. हे अर्थिंग गेलं म्हंजी घूं वाढंल."

"वाढू द्या. मला न्हाय गायचं. कवाच न्हाय गायचं. कळत कसं न्हाय तुमाला?"

दीड वर्षात ती हे पहिल्यांदा बोलली. दाजी हंड्यापासून बाजूला झाले. आत गेले आणि सवयीनं मशीन चालू केलं. व्हॉल्व्ह तापायला अर्धं मिनिट लागतं. आम्ही दोघी स्वयंपाकघरात उभ्या होतो. अर्धं मिनिट गेलं, एक गेलं.

"बंद पडलं का वो?" आक्कानं विचारलं.

दाजींनी उत्तर म्हणून माईकवर बोट वाजवलं. टक्. घरभर ऐकू आलं. मशीन चालू होतं आणि घूं नव्हता.

कारण त्यांना पाच मिनिटांत सापडलं आणि ते सांगताना त्यांना जराही लाज वाटली नाही. मशीनला भिंतीतल्या थ्री-पिनमधून एक अर्थिंग होतंच. पाईपचं दुसरं. दोन्ही एकमेकांना जोडलेली, त्यामुळे त्यांच्यात करंट गोल गोल फिरत बसला आणि त्याच्या फिरण्याचा तो घूं. पाणी जितकं जास्त तितकं अर्थिंग झकास आणि तितका घूं मोठा. खड्डा सुकला, घूं संपला. "जुना घूं कंडेन्सर बदलले तवाच गेला आसंल," ते म्हणाले. "हा दुसरा. ह्याला मीच पानी घालून वाढवला."

आक्का हसली नाही. ती माईककडे बघत होती. तिच्याकडे आता कारण उरलं नव्हतं. ती गोळ्या उचलून ठेवायला स्वयंपाकघरात गेली आणि मला दाजींचा राग आला. ते घरामागे खड्ड्यापाशी गेले होते, तिथं जाऊन मी त्यांना स्पष्ट विचारलं, "दाजी, सर्जन काय म्हणाले ते तुम्हाला समजलं नव्हतं का?"

"समजलं हुतं की." त्यांनी पाईपची वायर सोडवत सांगितलं. "गळा मला दुरुस्त करता येतुय व्हय? मशीन येतं. मग जे येतं ते केलं."

एवढं बोलून त्यांनी पक्कड खिशात घातली.

बुद्धजयंतीच्या संध्याकाळी आक्का विहारात येऊन बसली. गाईन असं ती म्हणाली नव्हती. नुसती येऊन माईकसमोर बसली. पोस्टमननी हळूच एक सूर धरला आणि तिनं सुरुवात केली. आवाज बारीक होता. वर जाताना मधेच तुटायचा, तिथं नुसता श्वास ऐकू यायचा, मग पुन्हा पकडायचा. दुसऱ्या कडव्याला मागून कुणीतरी ओरडलं, "आवाज वाढवा! हितं ऐकू येत न्हाय."

दाजी हार्मोनियम सोडून उठले. मला वाटलं, आता बटन फिरवणार. त्यांनी मशीनला हात लावला नाही. "ह्यापेक्षा वाढवला तर सूं येतुय," ते म्हणाले. "आवाज हाय तेवढाच ऱ्हाईल. तुमी पुढं सरका."

कुरकुर झाली, पण माणसं सरकली. म्हाताऱ्या सरकल्या, पोरंबाळं घेऊन बायका सरकल्या, गिरणीवाले तात्या सरकले. निम्मी जाजमं रिकामी पडली. आक्कानं एकदा वर बघितलं, एवढ्या जवळ आलेल्या माणसांना बघून जराशी दचकली आणि गात राहिली.

दाजी मात्र उलटे चालत थेट मागच्या भिंतीपर्यंत गेले आणि रिकाम्या जाजमावर एकटेच उभे राहिले. तिसऱ्या गाण्याला मी उठून त्यांच्यापाशी गेले.

"इथं ऐकू येतंय का दाजी?"

"न्हाय," ते म्हणाले. नजर पुढंच होती. "पर गातीया, ते दिसतंय की."