कमलच्या बकऱ्या

हे मी आजवर कोणापाशीच बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, सख्ख्या बहिणीपाशी नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं आहे — पण खरं कारण ते नाही. आता हे पोटात ठेवायचं नाही, असं मी ठरवलं आहे.

मी तिगावजवळच्या एका खेड्यात राहते आणि पांढुर्ण्याला शाळेत शिकवते. घरी संत्र्याचा बगीचा आहे, तो नवरा बघतो. गाय मात्र माझी. म्हणजे हट्ट माझा. सौंसरकडच्या एका गोठ्यावरून मी ती संकरित गाय निवडून आणली — तांबडी, भरल्या अंगाची. गावात तशी गाय कोणाकडे नव्हती.

तिला गोचीड होते. हे मी विकत घेतानाच पाहिलं होतं. कानाच्या आत, शेपटीच्या मुळाशी, कासेच्या वर — बारीक, आणि काही रक्त पिऊन एरंडीच्या बीएवढे फुगलेले. विकणारा म्हणाला, थोडेफार सगळ्याच जनावरांना असतात. मला ते ऐकायचंच होतं.

गुरांच्या डॉक्टरांना फोन केला तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितलं — बाहेरून आणलेली गाय आधी वेगळी बांधा, औषध लावा, गुरांच्या कोठ्याच्या भिंतींच्या फटींमध्येसुद्धा फवारा. मी हो हो म्हटलं. आणि काय केलं? लोक बघायला येणार होते, म्हणून गाईला धुतलं, हाताला लागतील तेवढे गोचीड ओढून काढले आणि मागच्या भिंतीपलीकडे फेकले. भिंतीपलीकडे शेजारच्या वच्छलाकाकूंचा कोठा. औषध नंतर लावू म्हटलं. ते नंतर कधी आलंच नाही.

उन्हं तापायला लागली तशी काकूंची कालवड आजारी पडली. अंगात ताप, कानाखाली आणि खांद्यापुढे गाठी, डोळ्यांतून पाणी. काकूंनी ती हातानं पेज पाजून वाढवली होती. ती मेली त्या दिवशी काकू ओसरीवर नुसत्या बसून होत्या, चूल पेटली नाही. मग आणखी दोन घरची वासरं गेली. माझी गाय मात्र ठणठणीत.

मला तेव्हाच शंका आली होती का? आली होती. म्हणून तर पुढचं बोलले.

हातपंपावर बायका जमल्या होत्या. हे आलं कुठून, असं कोणीतरी विचारलं. माझ्याकडे पाहूनच विचारलं, असं मला वाटलं — आणि मी म्हणाले, "कमलच्या बकऱ्या कुठकुठं फिरून राहिल्या, पाहत नाही का तुम्ही?"

एवढंच. एकच वाक्य.

कमल विधवा. दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला जायची आणि चार बकऱ्या पाळायची. त्यांच्यावर तिची पोरगी सौंसरच्या कॉलेजात शिकत होती. तिचं घर वस्तीच्या अगदी शेवटी. आमच्या आळीतल्या कोणाचं नाव घेतलं असतं तर भांडण उभं राहिलं असतं. कमलचं घेतलं तर राहणार नाही — हा हिशोब मी त्या क्षणी मनात केला होता का? हो. केला होता. आणि मी मास्तरीण. माझ्या शब्दावर कोण शंका घेणार?

गावातल्या चार माणसांनी तिला सांगितलं, बकऱ्या गायरानात आणायच्या नाहीत. तिनं वाद घातला नाही.

त्याच आठवड्यात डॉक्टर माझ्या अंगणात आले. काकूंच्या कालवडीच्या गाठींचं सगळं विचारलं, माझ्या गाईचे कान उलटून पाहिले. म्हणाले, "मॅडम, हा गोचीड ताप. हा गाई-गुरांचा रोग, बकऱ्यांचा याच्याशी संबंध नाही. बाहेरून आलेली गाय वरून धडधाकट दिसते, पण रोग तिच्या रक्तात असतो. तिच्या अंगावरचे गोचीड तो दुसऱ्या गुरांत नेतात." मग थांबून म्हणाले, "मी वेगळी बांधायला सांगितलं होतं न?"

अंगणात आम्ही दोघंच होतो. कमलच्या बकऱ्या तेव्हा अजून गावातच होत्या. तिच्या दारापर्यंत चालत गेले असते तरी पुरलं असतं. मी डॉक्टरांना चहा दिला, गाईला इंजेक्शन करून घेतलं, फवारणी करून घेतली — आणि गप्प राहिले.

चरायला जागाच उरली नाही, म्हणून कमलनं बकऱ्या विकल्या. बारदाण्याच्या दोरीनं बांधून व्यापाऱ्यानं त्या गाडीत चढवल्या. मी तेव्हा शाळेत जायला निघाले होते. पाहिलं आणि चालत राहिले. पावसाळ्याआधी कमल आणि तिची पोरगी गाव सोडून गेल्या. पोरीनं कॉलेज सोडलं. दोघी आता सौंसरला संत्री निवडायच्या कामावर जातात.

हे इतकंच असतं तरी पुष्कळ होतं. पण गेल्या थंडीत कमल गावातल्या एका लग्नाला आली. मांडवात मला शोधत आली, माझ्या शेजारी बसली. तिनं काकूंची चौकशी केली, मग हळूच म्हणाली, "वहिनी, काकू अजून माह्यावर राग धरून राहिल्या काय? माह्याच बकऱ्यांनी केलं न वं ते. मले आधी समजलं असतं त् म्या बांधून ठेवल्या असत्या."

तुम्हाला कळतं का, काय झालं होतं ते? माझं खोटं तिला खरं वाटायला लागलं होतं. काकूंची कालवड आपण मारली, असं समजून ही बाई इतके दिवस जगत होती.

आणि मी काय म्हणाले? मी तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, "जाऊ दे कमल. झालं ते झालं. कोणी राग धरत नाही."

मी तिला माफ केलं. तिला बरं वाटलं. जेवताना तिनं आपल्या ताटातली जिलबी माझ्या पानात वाढली, आणि मी ती खाल्ली.

त्यानंतर मी कितीतरी वेळा कारणं शोधली. घाबरले होते, नवी होते गुरांच्या कामात, लोकांनी गाय हाकलून लावली असती. एकही कारण घेऊन मी त्या मांडवात बसू शकत नाही.

उद्या शाळेला सुट्टी आहे. सकाळच्या बसनं मी सौंसरला जाते आहे. नवऱ्याला आज रात्री जेवताना सांगेन, कमलला उद्या सांगेन, आणि परत आल्यावर काकूंच्या ओसरीवर बसून, बाकीच्या दोन्ही घरच्यांना बोलावून सांगेन. गावात मग मला कसं राहावं लागेल ते राहीन.

कमलला काय म्हणायचं, ते मी पाठ करून ठेवलं आहे. गोचीड माझ्या गाईचे होते. मला माहीत होतं. तुझं नाव मी घेतलं, आणि खरं कळल्यावरही गप्प बसले. एवढंच बोलायचं. 'माफ कर' हे शब्द मी त्यातून काढून टाकले आहेत. ते म्हटले की उत्तर द्यायचं ओझं पुन्हा तिच्यावरच पडेल.