उपाशीपोटीची गोळी

मोहन्याच्या सरकारी दवाखान्यातली शेवंती नर्स मूळची साताऱ्याकडची. सुया टोचता टोचता केस पिकले, तरी दर रविवारी ठाण्याला वर्तकनगरात शिकायला जायची. नर्स आणि समाजसेवकांसाठी फुकट वर्ग होता तिथं.

नवरा गुणाजी टोमणा मारायचा, "रिटायर व्हायला आलीस, आता काय डॉक्टर होतीस?"

"तुमच्या तोंडाकडं बघत बसण्यापरीस तिथली बाकडी बरी," म्हणून ती डबा घेऊन निघायची.

शिकवणारी आसावरी तिच्या लेकीच्या वयाची. तिनं एकदा सांगितलं, "पेशंटला 'समजलं का' विचारू नका. सगळे हो म्हणतात. 'घरी जाऊन काय करणार, ते सांगा' म्हणा."

शेवंतीला आमच्या मोहन्याची कमळाबाई आठवली. कमळाबाई शहाडच्या बाजारात भाजीची पाटी घेऊन बसणारी. थायरॉइड निघाला तसं अंग सुजलं, उंबरा ओलांडताना धाप लागायची. पाटी कोपऱ्यात पालथी पडलेली. श्रावणाआधी गोळी सुरू केली, दिवाळी गेली तरी गुण नाही. डॉक्टर आता गोळी वाढवणार होते.

दुसऱ्या दिवशी शेवंती थेट तिच्या ओटीवर. "मावशी, गोळी कशी घेता?"

"तूच सांगलंस ना गो, उपाशीपोटी. आज सोमवार, आताच घेतली. चतुर्थीलाबी घेतंय. श्रावनान तं लई खाल्ल्या!"

शेवंतीनं कपाळाला हात लावला. "अहो, उपासाला नव्हं! रोज घ्यायची, उठल्या उठल्या, चहाच्या आधी."

"मंग तसा बोलाचा ना!"

"चुकलं माझं, नुसतं 'समजलं का' विचारलं. आमच्या वर्गात शिकवणारी पोर म्हणते, काय करणार ते विचारा. आता सांगा, उद्या काय करणार?"

"उठन, तोंड धुवन, गोळी खान, मंग च्या. रोज. झाला?"

हे ऐकून डॉक्टरांनी गोळी आहे तेवढीच ठेवली. शिमग्याच्या सुमाराला कमळाबाई डोक्यावर पाटी घेऊन दवाखान्यात हजर! बाजारात जाण्याआधी तिनं वालाची दोन गाठोडी टेबलावर ठेवली.

"यो तुला, न यो तुझ्या शालंतल्या बाईला. पोर गुनाची हाय, तिच्यामुलं उठलंय मी."

"बरं मावशी. बिरडं करते."

"समजला का, नाय इचारीत मी. कसा करशील ता सांग."

"भिजवणार, मोड आणणार, शिजवणार."

"आन सोलनार कोन? तुझा गुनाजी?"